नामदेवच्या मानवंदनेला मुंबईत

मुंबईहून परतल्याला तीन आठवडे होऊन गेले. शाळेच्या वाटेवर जो भेटतो तो विचारतो, "गुरुजी, राणीची बाग पाहिली का?" मी राणीची बाग पाहिली नाही. समुद्र पाहिला, तोही तासभर. बाकीचे दिवस आम्ही दोघे गिरगाव, लालबाग आणि नायगाव एवढ्यातच हिंडलो. तरी जे पाहिले ते लिहून ठेवावे असे वाटते. सखाआबा काही सांगणार नाहीत आणि मला विचारणारे थांबणार नाहीत.

सखाआबा म्हणजे आमच्या गावचे सखाराम सुतार. त्यांचा मुलगा नामदेव माझ्या हाताखाली चार इयत्ता शिकला. हिशेबात कच्चा, पण अक्षर देखणे. पुढे तो मुंबईच्या पोलिसांत शिपाई झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीत लालबागला डोक्यात दगड बसून तो गेला. वय चोवीस, लग्न व्हायचे होते. ज्या आठवड्यात तो गेला त्याच आठवड्यात मी तालुक्याच्या मोर्च्यात "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असे ओरडत चाललो होतो. ही गोष्ट सखाआबांना ठाऊक आहे. ते त्यावर कधी बोलले नाहीत.

काही महिन्यांनी इंग्रजीत छापलेले सरकारी पत्र आले. कामावर असताना मृत्यू आलेल्या पोलिसांना नायगावच्या मैदानावर मानवंदना देणार होते, आणि वारसाने हजर राहावे असे त्यात होते. मी पत्र वाचून दाखवले तेव्हा सखाआबा गाडीच्या चाकाला आरे बसवत होते.

"जाऊ," ते म्हणाले. "पर मला त्या मानाचं एवढं न्हाई गुरुजी. मला एक घर बघायचं हाय."

घर कोणते ते मला माहीत होते. नामदेवचा जोडीदार शिंदे नावाचा शिपाई होता, त्याने पाठवलेले पत्र मीच वाचले होते. त्यात होते की लालबागेतल्या एका बाईने नामदेवला घरात घेतले आणि पाणी पाजले. नामदेवची आई यायला तयार झाली नाही. "ज्या गावात पोर गेलं ते गाव मला दावू नका," एवढेच ती म्हणाली.

गिरगाव, गुरुवार

माझा मामेभाऊ अनंता गिरगावात एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. फोर्टात कारकून आहे. बोरीबंदरला तो आम्हाला घ्यायला आला होता. चाळीच्या जिन्याशी सखाआबा थांबले आणि कठड्यावरून हात फिरवून म्हणाले, "ब्रह्मदेशी साग. हा आता मिळायचा न्हाई." अनंताने त्या कठड्याला धरून आयुष्यातली पस्तीस वर्षे काढली होती, पण लाकूड कोठले हे त्याला त्या दिवशी कळले.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एका दाराशेजारी तरुण मुलाचा फोटो टांगलेला होता. त्याला ताजा हार होता. सखाआबांनी चपला काढल्या, फोटोला हात जोडले आणि अनंताला विचारले, "कशानं?"

"गोळीबारात," अनंता हळू आवाजात म्हणाला. "वर चला."

खोलीत शिरताच त्याने दार लोटून घेतले. "दादा, राग मानू नका. तुम्ही कशासाठी आलात ते चाळीत कुणाला सांगू नका. मुंबई बघायला आलो म्हणा. आठ महिने झाले, इथं पोलिसाचं नाव काढलं तरी लोकांच्या कपाळाची शीर उठते."

मी सखाआबांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली, पण ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते कळले नाही.

अनंताच्या बायकोने, सुमतीने, चहाबरोबर पाव आणि लोणी दिले. आमच्याकडे पाव आजाऱ्याला देतात. सखाआबांनी विचारले, "घरात कुणाला बरं न्हाई का?" सुमती हसली. नंतर तिने बटाट्याची भाजी आणि गरम पोळ्या केल्या. सखाआबांनी पोळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "एवढी पातळ म्हणजे रंधा मारल्यागत झाली." ते कौतुक होते हे मी तिला समजावून सांगितले.

दुपारी व्हायचे ते झालेच. गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक नळ आहे. सखाआबा तिथे पाय धुवायला गेले. शेजारच्या एका गृहस्थांनी सहज विचारले, "पाहुणे, मुंबई बघायला का?"

"न्हाई," सखाआबा म्हणाले. "माझा पोरगा पोलिसात होता. लालबागला दगड लागून गेला. त्याचा मान हाय शनिवारी."

मी दारातून हे ऐकले. नळावरच्या बायकांनी हंडे उचलले. ते गृहस्थ आत गेले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आमच्या दारावरून कोणी गेले नाही. ज्याला जायचे तो पलीकडच्या जिन्याने गेला. सुमतीच्या डोळ्यांत पाणी आले. पण तिने सखाआबांना एका शब्दाने दुखवले नाही. अनंता कचेरीतून आल्यावर मात्र चिडला.

"सांगितलं होतं ना मी?"

"खोटं बोलून पोराचा मान कसा घेऊ?" सखाआबांनी विचारले. अनंताने कोट काढून खुंटीला अडकवला.

दिवस मावळायच्या सुमारास आम्ही चौपाटीवर गेलो. शिंदे तिथे साध्या कपड्यांत भेटणार होता. समुद्र पाहून सखाआबांनी एवढेच विचारले की याला पलीकडचा काठ आहे का. मी म्हटले, आहे, पण लांब आहे. मग ते वाळूत बसले. शिंदे आला आणि त्यांच्या पाया पडला. तिशीचा माणूस, उजव्या पायाने किंचित लंगडणारा.

"बाबा, पत्रात मी सगळं लिवलं न्हाई," तो म्हणाला. "लिवायला धीर झाला न्हाई. आमची तुकडी मागं हटत होती. माझ्या गुडघ्यावर दगड बसला, मी पडलो. बाकीचे गाडीपाशी पोचले होते. नामदेव पोचला होता. तो परत आला. मला उचलून त्यानं गाडीकडं ढकललं, आन तेवढ्यात त्याच्या कानामागं दगड बसला. गर्दी आमच्या दोघांच्या मधी आली. तो गल्लीत गेला एवढंच मी पाहिलं. त्या बाईचं मागनं कळलं."

सखाआबा बराच वेळ वाळूत बोटाने रेघा ओढत होते. मग म्हणाले, "तुझा पाय कसा हाय आता?"

शिंदे रडू लागला. शेजारी भेळ खाणारे कुटुंब आमच्याकडे पाहू लागले. सखाआबा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले.

घराचा पत्ता शिंदेने तोंडी सांगितला. "मी संगट येत न्हाई. माझं तोंड तिथं ओळखत्यात. मी आलो तर दार उघडायचं न्हाईत," तो म्हणाला.

लालबाग, शुक्रवार

ट्रामने गेलो. ट्रामची लाकडी बाके सखाआबांना पसंत पडली, पण ट्राम पुरती थांबण्याआधीच ते उतरले आणि त्यांची एक चप्पल आतच राहिली. मी ओरडलो, कंडक्टरने घंटा दिली, आणि ट्राम चप्पल घेऊन परळकडे निघून गेली. दुसरी चप्पल हातात धरून ते थोडा वेळ उभे राहिले, मग ती त्यांनी एका झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवून दिली. अनवाणीच पुढे निघाले.

इकडची वस्ती गिरगावासारखी नाही. इथे सगळे गिरणीच्या भोंग्यावर चालते. चिमण्यांचा धूर, कपड्यांवर बसणारा कापसाचा भुगा, पाळी संपवून येणारे आणि पाळीला जाणारे. भिंतींवर चुन्याने आणि डांबराने घोषणा लिहिलेल्या होत्या. त्यांतली एक मी स्वतः मोर्च्यात दिली होती. मी ती मोठ्याने वाचली नाही.

गल्ली सापडली. तळमजल्यावरची चौथी खोली, दाराशी तुळशीचा डबा. एक चाळिशीची बाई तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटले, "आम्ही साताऱ्याकडून आलो. तुम्ही एका पोलिसाला घरात घेतलं होतं..."

तिने सूप खाली ठेवले. आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिले, मग म्हणाली, "भितूर येवा."

तिचे नाव यशोदा. मालवणकडची. खोली दहा बाय दहाची, तिच्यात ती आणि तिचा नवरा भिकाजी, आणि माळ्यावर गावाकडचे दोघे भाडेकरू, ते त्या वेळी कामावर होते. भिकाजी रात्रपाळी करून आला होता, भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मी त्याचा बाप," सखाआबा म्हणाले.

यशोदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "बाबा, बसा. हयच बसा. तो हयच होतो," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यापासून हातभर आत असलेली फरशी दाखवली. सखाआबा त्या फरशीवर बसले नाहीत. तिच्या शेजारी बसले.

मग त्यांनी सांगितले ते असे. दाराशी धपकन आवाज झाला, पाहतात तर निळ्या कपड्यांतला पोलीस पायरीवर पडलेला. त्यांनी त्याला काखेत धरून आत ओढले आणि कडी लावली. बाहेरून लोक दार ठोकत होते. बाहेर काढ, म्हणत होते.

"मी म्हटलंय, आधी माका भायर काढा, मगे तेका. डोक्या मांडयेर घेतलंय. पाणी मागल्यान. दोन घोट घेतल्यान. मगे इचारल्यान, माझी टोपी खंय आसा? सरकारी टोपी, हरवली तर जाब द्यावा लागतलो, असा कायतरी. मी म्हटलंय, आसा रे झिला, हयच आसा. खोटाच सांगलंय, बाबा. टोपी भायर रस्त्यार गेली होती."

"मंग?"

"मगे काय बोलाक नाय. गाडी येवाक तास गेलो."

सखाआबांनी डोळे मिटून घेतले होते. टोपीचे ऐकून त्यांच्या ओठांवर काहीतरी हलले. नामदेव लहानपणी पाटी हरवली तर दोन दिवस शाळेत येत नसे, हे मला आठवले. बहुधा त्यांनाही तेच आठवले असेल.

भिकाजी उठून बसला होता. केव्हापासून जागा होता कोण जाणे. किडकिडीत माणूस, डोळे तांबारलेले. तो भिंतीला पाठ लावून म्हणाला, "तुमका एक सांगूचा आसा."

"नको," यशोदाबाई म्हणाल्या.

"सांगूक व्हया. तो भितूर होतो तेव्हा मी घरात नाय होतंय. मी भायर होतंय. त्या दिसा मीय धोंडे मारलंय. आदल्या दिसा आमच्या गिरणीतलो एक जण गोळयेन पडलो होतो. रागान मारलंय. पाच-सा मारलंय. खयचो कोणाक लागलो, माका म्हायत नाय. हिणा सांगल्यार कळला, घरात कोण आसा तो. तेव्हापासून माका झोप नाय."

वरच्या मजल्यावर कोणीतरी वरवंटा फिरवत होते, तो आवाज येत राहिला. मी सखाआबांच्या हातांकडे पाहत होतो. सुताराचे हात, एकेक बोट रंध्याच्या मुठीएवढे जाड. मला भीती वाटली, हे नाकारणार नाही.

सखाआबा उठले. भिकाजीही उठला, आणि मान खाली घालून उभा राहिला. सखाआबा दारापाशी गेले. चौकटीला टेकून बाहेर पाहत राहिले. मग ते वळले.

"कुणाचा दगड लागला ते कळलं असतं तर बरं झालं असतं का, ते मला सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "तुमी बोललात. न बोलता ऱ्हाता आलं असतं."

"व्हय," भिकाजी म्हणाला.

"मी माफ केलं असं म्हणत न्हाई. तेवढं मोठं मन माझं न्हाई."

"मीय मागूक नाय."

त्यानंतर सखाआबा पुन्हा येऊन त्याच जागी बसले. यशोदाबाईंनी काही न विचारता तीन पितळ्यांत पेज वाढली. उकड्या तांदळाची, वर मीठ. भाजलेला सुका बांगडाही ठेवला. मी मासे खात नाही. तो वास मला सहन होईना म्हणून मी पितळी जरा लांब सरकवली. यशोदाबाईंनी ते ओळखले आणि मला आंब्याचे लोणचे दिले. आमच्याकडे परक्या घरी पहिल्यांदा गेल्यावर गूळपाणी देतात, जेवण देत नाहीत. इथे विचारणे नाही, आग्रह नाही, ताट सरळ पुढ्यात येते. सखाआबा माळकरी नाहीत, पण मासा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. त्या दिवशी त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि काटा घशात अडकून घर डोक्यावर घेतले. भिकाजीने पाठीत चार थापट्या मारल्या, यशोदाबाईंनी कोरडा भात गिळायला लावला. काटा उतरला. सखाआबांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. सगळ्यांनी त्या काट्याच्याच धरल्या.

निघताना सखाआबा यशोदाबाईंना म्हणाले, "उद्या नायगावला या. त्याच्या आईची खुर्ची रिकामी ऱ्हाणार."

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. भिकाजीने खरकट्या पितळ्या उचलल्या.

नायगाव, शनिवार

सकाळी निघताना सखाआबांच्या पायांचा प्रश्न आला. अनंताचे पंपशू त्यांच्या पायांत शिरेनात. आम्ही तोडगा शोधत होतो तेवढ्यात दारात एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, काळा कोट, हातात कोल्हापुरी चपलांचा जोड. अनंता गडबडून उठला. ते खालच्या फोटोतल्या मुलाचे वडील, नानासाहेब.

"पाहुणे अनवाणी हिंडताहेत असं ऐकलं," ते म्हणाले. चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवल्या. "किती वर्षांचा होता?"

"चोवीस," सखाआबा म्हणाले.

"आमचा एकोणीस."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. नानासाहेब कठड्याचा आधार घेत जिना उतरून गेले. चपला सखाआबांना बरोबर बसल्या.

दादरला उतरून नायगावपर्यंत चालत गेलो. मैदानावर कनात ठोकली होती, पुढे वारसांच्या खुर्च्या, मागे अधिकाऱ्यांच्या बायका. दीडशेक शिपाई रांगांत उभे, पिवळ्या टोप्या, निळे गणवेश. आमच्या शेजारी कडेवर तान्हे मूल घेतलेली एक मुलगी होती. तिचा नवरा माहीमच्या खाडीत हातभट्टीवाल्यांच्या होडीमागे गेला आणि बुडाला. तिच्यापलीकडे एक पारशी म्हातारा होता, त्याचा मुलगा फौजदार होता. दंगलीत गेलेले थोडे, बाकीचे आपापल्या परीने गेलेले. चोराच्या सुऱ्याने, मोटारीखाली, आगीत.

यशोदाबाई फाटकाशी उभ्या असलेल्या मला दिसल्या. पास नाही म्हणून पहारेकरी सोडत नव्हता. आमच्या मागे उभा असलेला शिंदे लंगडत गेला आणि त्यांना घेऊन आला. त्यांनी हिरवे लुगडे नेसले होते. खुर्चीच्या अगदी कडेला त्या टेकल्या.

बिगुल वाजला. शिपायांनी बंदुका उलट्या केल्या, नळ्या जमिनीकडे. एक बडा अधिकारी एकेक नाव इंग्रजी वळणाने वाचू लागला. नामदेवचे नाव त्याने असे वाचले की सखाआबांना ते आपल्या मुलाचे आहे हे कळलेच नाही. मी कोपराने ढोसले तेव्हा ते उठले, आणि गोंधळून उलट्या दिशेला चालू लागले. शिंदेने त्यांना वळवले. मानपत्र आणि शाल देताना अधिकाऱ्याने यशोदाबाईंकडे पाहून चांगल्या मराठीत विचारले, "या आई का?"

"न्हाई," सखाआबा म्हणाले. "ह्यांनी त्याला पाणी पाजलं."

अधिकाऱ्याला काय समजले कोण जाणे. त्याने टाचा जुळवून यशोदाबाईंना सलाम केला. त्या घाबरून उभ्या राहिल्या. खुर्चीवर परतल्यावर सखाआबांनी शाल आपल्या खांद्यावर न घेता यशोदाबाईंच्या हातात दिली. यशोदाबाईंनी ती घेतली नाही, परत सखाआबांच्या मांडीवर ठेवली. दोन-तीनदा असे इकडून तिकडे झाल्यावर शाल दोघांच्या मधल्या जागेवर राहिली.

समारंभ संपला तसे आम्ही बाहेर आलो. फाटकापासून वीस पावलांवर, झाडाखाली भिकाजी उभा होता. रात्रपाळीचेच कपडे, केसांत कापूस. तो आत आला नव्हता आणि परतही गेला नव्हता.

"कागद दिल्यानी काय?" त्याने विचारले.

"दिला," सखाआबा म्हणाले.

"काय लिवला आसा?"

मानपत्र इंग्रजीत होते. माझे इंग्रजी बेताचे, पण एवढे वाचता येते. मी फुटपाथवर उभा राहून मराठीत अर्थ सांगू लागलो. पहिल्या ओळी सोप्या होत्या, शौर्य, निष्ठा वगैरे. मग पुढची ओळ आली आणि मी थांबलो.

"वाचा, गुरुजी," सखाआबा म्हणाले. "लिवलंय तसं वाचा."

मी वाचले. "हिंसक जमावाने केलेल्या दगडफेकीत, आपल्या जखमी सहकाऱ्याला वाचवण्यासाठी मागे फिरला असता, कर्तव्य बजावताना त्याला मृत्यू आला."

भिकाजी ऐकत होता. त्याने मान खाली घातली नाही, वरही केली नाही. यशोदाबाईंनी त्याच्या बाहीला धरले.

"तो मागे फिरलो?" भिकाजीने विचारले. "आपल्या मनान?"

"व्हय," सखाआबा म्हणाले. "गाडीपाशी पोचला होता. मंग फिरला."

भिकाजीने हाताने तोंड पुसले. "माका पुरा नाव सांगा तेचा," तो म्हणाला. "हिका इचारलंय, तर हिका म्हायत नाय. आमी नुसतो 'तो पोलीस, तो पोलीस' म्हणतांव."

सखाआबांनी नाव सांगितले. भिकाजीने ते एकदा पुटपुटले, मग दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, अडखळत, पाठ करून घेतल्यासारखे म्हटले.

"नामदेव सखाराम सुतार."

"बरोबर," सखाआबा म्हणाले.